तळाशीलच्या पट्टीवर रात्रपाळी

रात्रीचे अडीच वाजलेत. सिंधुदुर्गातल्या तळाशीलच्या वाळूवर दोन माणसं चालताहेत. पुढे गावातले काका, त्यांच्या हातात पातळ काठी. मागे कासवांच्या कामासाठी चंद्रपूरकडून आलेली बावीस वर्षांची मुलगी. तिच्या कपाळावर बॅटरी आहे, तिला लाल कागद चिकटवलाय आणि ती विझवलेली आहे. मी दहा पावलं मागून चालतो. बोलायचं नाही, हे निघतानाच ठरलंय.

उजवीकडे समुद्र. डावीकडे सुरूचं बन, त्यामागे माडांत दडलेली घरं आणि घरं संपली की लगेच गडनदीची खाडी. काही घरांच्या पुढच्या दारातून समुद्र दिसतो, मागच्या दारातून खाडीत बांधलेल्या होड्या. पावसाळ्यात समुद्र इथली वाळू ओढून नेतो, म्हणून काही ठिकाणी दगडांचा बंधारा घातलाय. बंधारा आला की काका वळसा घेतात, तिथे थांबत नाहीत. कासवाला दगड चढता येत नाही.

फेब्रुवारीची रात्र आहे. वाऱ्याला गारवा आहे, तरी मऊ वाळूत चालून पाठीला घाम फुटतो. चपला हातात. पायाखालून पांढुरके खेकडे सटासट बिळात शिरतात. लाट फुटते तेव्हा तिच्या कडेला क्षणभर निळसर उजेड दिसतो आणि मावळतो. भरती वर चढतेय. कासवीण येते ती बहुतेक याच वेळेला, कारण भरतीच्या पाण्यातून तिला चढायचं अंतर कमी राहतं.

पट्टीच्या टोकापर्यंत जातो. काही नाही. परत फिरतो. पुन्हा काही नाही. पडलेल्या माडाच्या बुंध्यावर तिघंही बसतो. मुलगी गुडघ्यांत डोकं घालून पाच मिनिटं डोळे मिटते. काका समुद्राकडे बघत राहतात. या कामात हे बसणंच फार असतं. रात्रीमागून रात्री अशा जातात, वहीत फक्त तारीख पडते आणि तारखेपुढे एक रेघ.

"चल, फुडे जावया," काका म्हणतात.

चार वाजायच्या सुमारास काका थबकतात. काठी आडवी धरतात. कपाळावरचा लाल उजेड लागतो आणि वाळूवरची खूण दिसते. दोन्ही बाजूंना वल्ह्यांनी खरवडल्यासारखे ठसे, एक पुढे, एक मागे. मधे पोट घासून गेलेला गुळगुळीत पट्टा. सगळी मिळून दीड-दोन हात रुंद. एक माग पाण्यातून वर आलेला, दुसरा पाण्यात परत गेलेला.

"ही येवन गेली," काका म्हणतात.

ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण. चाळीसेक किलोचं अंग ओढत ती वर आली, मागच्या परांनी खड्डा खणला, अंडी घातली, वाळू लोटली, अंगाने थोपटून दाबली आणि तासाभरात निघून गेली. पिल्लांचं तोंड ती कधीच बघत नाही.

माग जिथे वळतो तिथे मर्यादवेल विस्कटलेली आहे. काका काठी हलकेच टेकवत जातात. घट्ट. घट्ट. घट्ट. एका जागी काठी लोण्यात जावी तशी आत उतरते. आता काठी बाजूला. दोघं गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू काढतात. सात-आठ पावलांवर कोल्ह्याचे ताजे ठसे आहेत. तोही वासावर आलाच होता.

कोपरापर्यंत हात गेल्यावर पहिलं अंडं लागतं. पांढरं, ओलसर, मऊ सालीचं. बादलीच्या तळाशी घरट्यातलीच वाळू घातलीय. एक एक अंडं जसं होतं तसं उचलायचं, गोल फिरवायचं नाही. काही तासांतच आतला जीव सालीच्या वरच्या बाजूला चिकटतो. नंतर अंडं उलटलं तर तो मरतो. म्हणून ही घाई, आणि घाईतही हा हळुवारपणा.

"हळू गो. फिरवू नको."

ती हळूच करतेय. ओठ हलताहेत, आकडे मनात चाललेत. आकडा शंभराच्या पुढे जातो तेव्हा बोटं लाल झालेली असतात. मग ती खड्ड्याची खोली मोजते. दीड फुटाला थोडी कमी. रुंदीही मोजते. नवं घर अगदी याच मापाचं करायचंय.

अंडी जपायची हॅचरी बनाच्या कडेला आहे, भरतीची रेषा पोचणार नाही अशा उंचीवर. बांबूचे खांब, नायलॉनची जाळी, जाळीचा खालचा काठ वाळूत हातभर पुरलेला, कुत्र्यांना आणि घोरपडींना उकरता येऊ नये म्हणून. आत रांगेने पाट्या. पाटीवर तारीख, अंड्यांचा आकडा, पिल्लं निघायचा अंदाज. साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस. काका पालथं पडून खांद्यापर्यंत हात आत घालतात आणि वर अरुंद, खाली ऐसपैस असा खड्डा कोरतात. अंडी उतरतात. वाळू पडते. नवी पाटी उभी राहते. पूर्वेला खाडीवर तांबडं फुटलंय.

सकाळी किनाऱ्याचा नूरच वेगळा. रापण लागलीय. पाण्यात जाळ्याचा मोठा अर्धगोल, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोराला वीस-पंचवीस माणसं. म्हातारे, पोरं, बायका. कमरेला पट्टे, टाचा वाळूत रुतवलेल्या. मुलगी झोपायला जाता जाता दोराला हात लावते. ओढू लागणाऱ्याला मासळीचा वाटा मिळतो, ही इथली जुनी रीत. तिच्याही पिशवीत मूठभर पेडवे आणि दोन बांगडे पडतात. कुणी तिचं नाव विचारत नाही. ती आता दोरावरची झालीय.

जाळं जवळ येतं तसे रापणकर आत डोकावतात. कधी कासवही सापडतं. ते उचलून पाण्यात सोडतात. खोल पाण्यात अडकलं तर जाळं कापावं लागतं. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला 2018 च्या अखेरीपासून राज्यात भरपाई मिळते, जास्तीत जास्त 25,000 रुपये. पैसे मिळायच्या आधीही इथले बरेचजण कासव सोडत होते, हेही सांगायला हवं. आणि किनाऱ्यावरची अंडी मात्र खात होते, हेही. "आम्ही पोरं असताना टोपलीभर आणू," काका लपवाछपवी न करता सांगतात. "आता माग दिसलो की पयलो फोन माझ्या घराक येता." वन्यजीव संरक्षणाचा 1972 चा कायदा कासवाला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण देतो. पण सिंधुदुर्गाच्या सुमारे 121 किलोमीटर किनाऱ्यावर रात्री अडीचला कायद्याच्या वतीने उभे असतात ते हेच काका आणि त्यांच्यासारखे.

मुलगी जिथे राहते ते घर मंगलोरी कौलांचं, शेणाने सारवलेल्या अंगणाचं. पडवीत तिची चटई, खुंटीला पिशवी, खिडकीत वाळत घातलेला टॉवेल. तो इथे कधीच पुरता वाळत नाही. आजी चुलीपाशी आहे.

"काय गो, गावला काय?"

"मिळालं आजी. शंभराच्या वर."

"बरा झाला. वाईच पेज जेव आणि नीज."

उकड्या तांदळाची पेज, वर मीठ, बाजूला सुक्या बांगड्याचा तुकडा आणि आंब्याचं लोणचं. आली तेव्हा तिला माशाचा काटा काढता येत नव्हता. आता बोटं न बघता काढतात. जेवणाचे पैसे ती महिन्याच्या महिन्याला देते. आजी ते घेते आणि वहीत लिहून ठेवते. मला हे आवडतं. दोघींचा मान राहतो.

फोनची रेंज अंगणाच्या एकाच कोपऱ्यात, शेवग्याखाली. तिथे उभी राहून ती आईशी बोलते. आई रोज एकच विचारते, परत कधी येतेस? हिच्या जिल्ह्यातून इथे यायला एक पुरा दिवस-रात्र प्रवास. वाघाच्या मुलखातली मुलगी, समुद्र पहिल्यांदा बघितला तोच इथे. उत्तर देताना ती शेवग्याची पानं खुडत राहते.

आजी आतून ऐकत असते. मग माझ्याकडे वळून, जणू आपलं आपल्याशीच बोलते. तिचं माहेर वेंगुर्ल्याकडचं, पहिलं बाळंतपण तिकडे. "माझो थोरलो झील मिशनच्या दवाखान्यात झालो. नर्सबाय अशीच लांबच्या मुलखातली. तिका आमचा बोलणा धड कळत नाय होता. पण हात खूब हलको."

वेंगुर्ल्याला अमेरिकन मिशनचे डॉक्टर येऊन राहिले होते. त्यांतल्या एकाच्या घरी 1919 साली तिथेच मुलगा झाला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि 1977 मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून पुन्हा भारतात आला. आजीच्या गोष्टीत तो नाही. तिच्या लक्षात राहिलाय तो नर्सबाईचा हात. परक्या मुलखात कामाला आलेल्या माणसाची आठवण किनाऱ्यावर अशीच उरते, आणि ही मुलगी परत गेल्यावर तिचीही या घरात तशीच उरेल, असं मला आजीकडे बघताना वाटतं.

दुपार. वाळू पायाला चटके देते. वारा पडलाय. हॅचरीवर विणलेली झापं टाकून सावली केलीय. वाळू फार तापली तर अंड्यांतून बहुतेक माद्याच निघतात, थंड राहिली तर नर. त्याहून तापली तर काहीच निघत नाही. मुलगी तापमापी वर काढते, आकडा लिहिते, पुन्हा पुरते. घोटभर पाणी पिते. मग पोतं घेऊन किनारा धरते. तुटलेली जाळी, थर्माकोल, बाटल्या, एकेकटी चप्पल. पोतं भरतं, दुसरं घेते. जाळ्याचा एक गुंता वाळूत रुतलाय, तो तिला आणि मला ओढवत नाही. शाळेतून घरी चाललेली चार पोरं दप्तरं टाकून धावत येतात. गुंता निघतो.

साडेपाचला माणसं जमायला लागतात. मालवणहून रिक्षा, कोल्हापूरच्या गाड्या, गावातल्या बायका मुलांना कडेवर घेऊन. वाळूवर दोन दोर ताणलेत, मधली वाट पाण्यापर्यंत मोकळी. लोक दोराबाहेर रांगेत. काही घरट्यांवर टोपल्या पालथ्या घातल्यात, कारण त्यांचे दिवस भरलेत. काका पहिली टोपली उचलतात. नुसती वाळू. दुसरी. नुसती वाळू. रांगेत चुळबुळ होते. एक लहान मुलगा रडू लागतो.

"थोडं थांबा," मुलगी म्हणते आणि थांबलेल्यांना सांगू लागते. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 मध्ये एका मादीच्या पराला टॅग लावला. 2025 च्या जानेवारीत तीच मादी गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. समुद्रमार्गाने अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर. रत्नागिरी जिल्ह्यात वेळास गावाने 2002 पासून अंडी राखायला घेतली, आणि असल्या खुणा वाचायला कोकणातले बरेचजण पुढे शिकले. सांगताना तिचा विदर्भाकडचा हेल अधूनमधून डोकावतो. लोक ऐकतात. रडणारा मुलगाही.

तिसऱ्या घरट्याजवळ काका खाली वाकतात. वाळू मधोमध बशीभर खचलीय. सगळे पुढे सरकतात, दोर ताणतो. वाळू हलते. काळपट टोक वर येतं. मग दुसरं. मग एकदम दहा-बारा, एकमेकांच्या अंगावरून. पसाभर टोपलीत उचलून ती पाण्यापासून काही पावलांवर ठेवली जातात. पाण्यात कुणी सोडायचं नाही, चालत त्यांनीच जायचं. या वाळूवरून गेलेल्या माद्या मोठ्या झाल्यावर अंडी घालायला पुन्हा अशाच मुलखाकडे वळतात.

ती चालतात. बोटभर लांबीची, ओल्या वाळूच्या रंगाची. थांबतात. माणसाच्या टाचेच्या ठशात पडतात, धडपडून बाहेर येतात. पहिली लाट अर्ध्यांना उलटं टाकते, दुसरी घेऊन जाते. हजारातलं एखादं मोठं होतं असं जाणकार सांगतात.

"मोठं व्हायला पंधरा वर्षं लागतात," मुलगी मला सांगते. "तेव्हा मी सदतीस वर्षांची असेन." ती वहीत आकडा लिहिते, वेळ लिहिते. मागे कुणाच्या तरी फोनचा फ्लॅश पडतो. चार पिल्लं वळून उजेडाकडे निघतात. काका हात वर करून ओरडतात. फ्लॅश विझतो. पिल्लं पुन्हा पाण्याकडे वळवायला दहा मिनिटं जातात, आणि तेवढ्या वेळात वर घारी येतात.

नोव्हेंबरपासून मेपर्यंत या किनाऱ्यावर आलात तर रात्री वाळूवर बॅटरी मारू नका, फोनचा फ्लॅश बंद ठेवा, गाडी वाळूवर उतरवू नका, उरलेलं अन्न तिथे टाकून कुत्रे जमवू नका. वाळूवर माग दिसला, किंवा जाळ्यात अडकलेलं कासव दिसलं, तर हात न लावता गावातल्या माणसाला हाक मारा, नाहीतर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. आणि घरात वीस-बावीस वर्षांचं कुणी असेल तर त्याला एक हंगाम इकडे पाठवा. रात्रपाळीला माणसं कमी पडतात.