निळू फुले खलनायक होते, हे तुम्ही मोजलंत का?

मागच्या आठवड्यात पेटची तयारी करणाऱ्या एका मित्राने संशोधन प्रस्ताव दाखवला. विषय : मराठी चित्रपटातला खलनायक आणि ग्रामीण सत्ता. नमुना म्हणून निळू फुलेंचे दहा चित्रपट. मी विचारलं, हेच दहा का? तो म्हणाला, "खलनायक म्हटलं की हेच आठवतात." गडबड इथेच आहे. मी विज्ञानाचा विद्यार्थी, सिनेमा माझा विषय नाही; पण नमुना निवडताना होणारी चूक सगळीकडे सारखीच असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माकणीला आमच्या घरी टीव्हीवर निळूभाऊ दिसले की आजी कडाकडा बोटं मोडायची. एकदा 'सिंहासन' (1979) लागला होता. त्यात ते दिगू टिपणीस हा पत्रकार, राजकारण जवळून बघून शेवटी वेड्यासारखा हसत सुटणारा. आजी म्हणाली, "ह्यो त्यो न्हाई, दुसराच कुणीतरी हाय." सिद्धांतात न बसणारं निरीक्षण तिने सरळ बाद केलं. आपणही नको असलेला आकडा 'आउटलायर' म्हणून काढतो, तेव्हा बऱ्याचदा तेच करत असतो. फक्त आपली भाषा भारी असते.

दुसरा प्रश्न व्याख्येचा. खलनायक म्हणजे नेमकं कोण? 'सामना' घ्या. जब्बार पटेलांचा हा चित्रपट 1975 मध्ये बर्लिन महोत्सवात गेला होता. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले. गावात आलेल्या दारुड्या मास्तरांना (डॉ. श्रीराम लागू) तो वाड्यावर ठेवून घेतो, पाजतो, त्यांच्याशी गप्पा मारतो. मास्तर मात्र मारुती कांबळेचं काय झालं, हे विचारायचं सोडत नाहीत. (प्रश्न धरून ठेवावा तर असा!) हिंदुराव दोषी आहे, पण त्याला मास्तरांचा लळाही लागतो. आता एका माणसाने याला 'खलनायक' म्हणून नोंदवलं आणि दुसऱ्याने नाही, तर चूक कोणाची? बहुतेक वेळा व्याख्येचीच. तेंडुलकरांच्या नाटकातला त्यांचा सखाराम बाइंडर असाच अडवतो : बायकांना मारतो, पण आपल्या अटी आधीच उघड सांगतो.

इथे कोणी म्हणेल, ते मुळात राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते, पुण्यात माळीकाम केलेले, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी नाटकाचे प्रयोग करणारे. सगळं खरं. पण माणूस चांगला होता, हा पडद्यावरच्या भूमिकेबद्दलचा पुरावा होत नाही. तो वेगळा प्रश्न, त्याला वेगळा डेटा लागेल.

आणि मिमिक्रीवाल्यांचं "बाई, वाड्यावर या"? ते ऐकवणाऱ्याला चित्रपट आणि प्रसंग विचारून बघा. संदर्भ तपासायचा चांगला सराव आहे.

मित्राला मी इतकंच सुचवलं : आधी सगळ्या चित्रपटांची वर्षवार यादी कर, त्यातून चिठ्ठ्या टाकून निवड. व्याख्या आधी लिहून ठेव आणि दोघांकडून स्वतंत्र नोंदी करून घे. त्याने 1968 च्या 'एक गाव बारा भानगडी'पासून यादी सुरू केली आहे. 'सामना'समोरचा रकाना अजून रिकामाच आहे.