ऑर्किडच्या रोपांना शहाळ्याचे 'टॉनिक'

ऑर्किडच्या एका शेंगेत हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. निसर्गात मात्र त्यांतील मोजक्याच रुजतात. धुळीच्या कणाएवढ्या या बीमध्ये अंकुराला पोसणारा अन्नसाठा जवळजवळ नसतो. विशिष्ट बुरशीने अन्न पुरवले, तरच ती रुजते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये साखर व क्षार मिसळलेल्या अगारवर बुरशीविना बिया रुजवून दाखविल्या. तेव्हापासून बाटलीत रोपे वाढविण्याचा मार्ग खुला झाला. पुढे या माध्यमात शहाळ्याचे पाणी, केळ्याचा गर, बटाट्याचा अर्क असे नैसर्गिक घटक मिसळण्यात येऊ लागले.

नारळपाण्याचा हा गुण ऑर्किडपुरता मर्यादित नाही. योहान्स व्हॅन ओव्हरबीक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये धोतऱ्याचे कोवळे भ्रूण त्याच्या साह्याने वाढविले होते. शर्करा, अमिनो आम्ले व जीवनसत्त्वांबरोबरच झिएटिनसारखी सायटोकायनिन गटातील संप्रेरके त्यात असतात. ती पेशीविभाजनाला चालना देतात. प्रयोगशाळांत सामान्यतः एक लिटर माध्यमात १०० ते २०० मिलिलिटर नारळपाणी वापरले जाते. केळ्याचा गर बहुधा पेरणीच्या वेळी न घालता, रोपे नव्या बाटलीत हलविताना दिला जातो.

मात्र, 'नैसर्गिक' म्हणजे हमखास गुणकारी, असे नव्हे. नारळ किती कोवळा, केळे किती पिकलेले, यावर घटकांचे प्रमाण बदलते. अतिरेक झाल्यास वाढ खुंटूही शकते. त्यामुळे काही बाटल्या या घटकांविना ठेवून तुलना करणे आवश्यक ठरते. साखरेमुळे बुरशीही फोफावते. म्हणून माध्यमाची आम्लता तपासून ते १२१ अंश सेल्सिअस तापमानाला, दाबाखाली निर्जंतुक करावे लागते.

या खटाटोपाचे मोल जंगलात कळते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये देशातील ऑर्किडच्या १,२५६ जातींची नोंद केली. अधिवासाचा ऱ्हास आणि फुलांसाठी होणारी ओरबाड या दोन्हींचा त्यांना धोका आहे. सह्याद्रीतील 'सीतेची वेणी'ही त्याला अपवाद नाही. बाटलीतील रोपाला फूल येण्यास काही वर्षे लागतात. पण त्यासाठी झाडावरून एकही वेल उपटावी लागत नाही. ऑर्किड विकत घेताना ते प्रयोगशाळेत वा रोपवाटिकेत वाढविलेले आहे का, एवढी विचारणा ग्राहकांनी केली, तरी जंगलावरील भार हलका होण्यास मदत होईल.