मिस्टर नोवाक : एका ध्येयवादी शिक्षकाची गोष्ट

(द्वितीय वर्ष, कला)

पोलीस, डॉक्टर, वकील यांच्या आयुष्यात घटना घडतात. मास्तरांच्या आयुष्यात फक्त तास होतात, असा एक समज आहे. हा समज खोटा ठरवणारी एक जुनी अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका म्हणजे 'मिस्टर नोवाक'. सप्टेंबर १९६३ ते एप्रिल १९६५ या काळात ती एनबीसीवर दर मंगळवारी दाखवली जाई. तासाभराचे एकूण ६० भाग, सारे कृष्णधवल. आपले मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले १९७२ साली. तेव्हा हे नाव वाचकांना अपरिचित वाटल्यास नवल नाही.

मालिकेचे जनक ई. जॅक न्यूमन आणि बोरिस सेगल. कथा घडते लॉस एंजेलिसमधील जेफरसन हायस्कूलमध्ये. जॉन नोवाक (जेम्स फ्रान्सिस्कस) हा तिथे नव्याने लागलेला इंग्रजीचा तरुण शिक्षक. 'नोवाक' या स्लाव्ह आडनावाचा मूळ अर्थच 'नवा आलेला माणूस' असा आहे. शाळा सोडू पाहणारे विद्यार्थी, परीक्षेतील कॉपी, गोऱ्या-काळ्यांमधील तेढ असे विषय त्यात येतात.

अशी मालिका त्याच वेळी का निघाली? १९५७ साली रशियाने स्पुटनिक सोडला आणि आपले शिक्षण मागे पडले की काय, अशी चिंता अमेरिकेला लागली. १९५८ साली शिक्षणाला केंद्राचा पैसा देणारा कायदा झाला. महायुद्धानंतर जन्मलेली मुले एव्हाना हायस्कुलात पोहोचत होती. १९५५ च्या 'ब्लॅकबोर्ड जंगल' या चित्रपटाने शाळा म्हणजे गुंड पोरांचा अड्डा असे चित्र उभे केले होते. नोवाकच्या वर्गातली मुले मात्र बहुतेक तुमच्याआमच्यासारखी साधी आहेत. त्यांच्या अडचणीही साध्याच, पण त्यांच्यापुरत्या फार मोठ्या.

मला या मालिकेत सर्वांत महत्त्वाचे वाटते ते नोवाक आणि मुख्याध्यापक अल्बर्ट वेन (डीन जॅगर) यांचे नाते. नोवाकला प्रत्येक मूल वाचवायचे असते, तेही आजच्या आज. वेनला पालक, इतर शिक्षक, वरचे अधिकारी या सर्वांना धरून शाळा चालवायची असते. तरी वेन खलनायक नाही. तो नोवाकला अडवतो, प्रसंगी खडसावतो आणि वेळ येते तेव्हा त्याच्या पाठीशी उभा राहतो. ध्येयवादाला आवर हवा, तसा आसराही हवा, हे या जोडीकडे पाहून कळते.

मला हे पटते, कारण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. दहावीनंतर कोणती शाखा, कोणती सवलत, कोणता दाखला, हे सांगणारे घरी कुणी नव्हते. आमच्या बाईंनी ते सांगितले. पण शाळा सुटल्यावरही मुख्याध्यापकांनी कार्यालय उघडे ठेवले, दाखल्यांवर सह्या केल्या, म्हणून बाईंचे सांगणे उपयोगी पडले. एकट्या बाईंची तळमळ दाखल्यावर शिक्का उमटवू शकली नसती.

मालिकेच्या नशिबीही हेच आले. १९६४ साली गुप्तरोगांविषयी जागृती करणारी एक कथा लिहिली गेली. 'डॉक्टर किल्डेअर' या मालिकेशी जोडून ती दाखवायची होती. एनबीसीने तिला नकार दिला. ज्या वयाच्या मुलांना ही माहिती हवी होती त्यांच्याच शाळेची ही मालिका, तरी तिला बोलू दिले गेले नाही. नोवाक वेनशी वाद घालू शकत होता. वाहिनीच्या मालकांपुढे त्याचे काही चालले नाही. दुसऱ्या वर्षी प्रकृतीमुळे जॅगर यांनी मालिका सोडली आणि बर्जेस मेरेडिथ नवे मुख्याध्यापक म्हणून आले. समोर एबीसीवर त्याच वेळी 'कॉम्बॅट!' ही युद्धमालिका चाले. मानाचे पीबडी पारितोषिक मिळवूनही 'मिस्टर नोवाक' दोन वर्षांत बंद पडली.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या बी.एड. करून वर्गावर उभे राहतील. मलाही तेच करायचे आहे. ध्येयवादी शिक्षकाचे कौतुक आपण नेहमीच करतो, दर पाच सप्टेंबरला तर भाषणेही करतो. परंतु त्याच्या वरच्या खुर्चीत कोण बसले आहे, हेही विचारायला हवे. आणि पुढेमागे ती खुर्ची आपल्याला मिळाली, तर एखाद्या नव्या शिक्षकासाठी कार्यालय थोडे उशिरापर्यंत उघडे ठेवायची आपली तयारी असली पाहिजे.