नृत्याची ध्वनिफीत कशी ऐकावी? लय, पट्टी आणि भाव

1992 सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा कापड्यात प्राथमिक शाळेत होतो. स्नेहसंमेलनात माझ्या थोरल्या बहिणीचा नाच होता. ऐन वेळी वीज गेली म्हणून टेपरेकॉर्डर सेलवर लावला. सेल जुने. एक कडवे झाले आणि गाणे जडावू लागले, गायिकेचा आवाज पुरुषासारखा घोगरा झाला. मुलींचे पाय पुढे आणि गाणे मागे! मंडपात हशा पिकला. दोष मुलींच्या माथी मारला गेला. ताई त्यानंतर पुन्हा कधी रंगमंचावर उभी राहिली नाही.

त्या दिवशी नेमके काय बिघडले, हे मला पुष्कळ वर्षांनी, गाणे ऐकण्याचा नाद लागल्यावर उमगले. फीत हळू फिरली की लय मंदावते, आणि त्याबरोबर स्वरही खाली उतरतो. वेग सुमारे 6 टक्के घटला तर काळी एकचे गाणे पांढरी एकमध्ये येते. म्हणजे एका बिघाडाने दोन गोष्टी बदलतात. आज मोबाइलवर लय आणि पट्टी वेगवेगळी कमी-जास्त करता येते. पण त्यासाठी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी कानाला कळले पाहिजे.

आता ताईची मुलगी, माझी भाची, महाडला कथक शिकायला जाते. क्लास आठवड्यातून दोनदा. बाकीचे दिवस तिची गुरू म्हणजे मोबाइलमधला लहरा. लहरा म्हणजे हार्मोनियमवर किंवा सारंगीवर पुन्हापुन्हा वाजणारी एकच धून. त्रितालात ती 16 मात्रांची असते. धून साधी ठेवतात, कारण तिने नाचणाऱ्याला रंगवायचे नसून वेळ दाखवायची असते. घड्याळच म्हणा ना.

मागील वर्षी परीक्षेत समोर प्रत्यक्ष हार्मोनियम आणि तबला होता. धून निराळी, लयही थोडी चढी. भाची दुसऱ्याच तुकड्यात समेवरून घसरली. घरी येऊन म्हणाली, "मामा, माझी सम हरवली." विचारपूस केली तेव्हा कळले की ती मात्रा मोजतच नव्हती. ओळखीच्या धुनेचे वळण आले की सम आली, असे तिने पाठ करून टाकले होते.

म्हणून विद्यार्थ्यांनी धुनेआधी ठेका ऐकावा. त्रितालाचे चार-चार मात्रांचे चार विभाग. पहिल्या मात्रेवर सम, पाचव्या आणि तेराव्यावर टाळी, नवव्यावर खाली. खालीच्या विभागात डग्ग्याचा घुमारा नाहीसा होतो, ते कानाला चटकन कळते. तो परत आला की समजावे, सम जवळ आली. मग घड्याळ घेऊन एका समेपासून पुढच्या समेपर्यंतचे सेकंद मोजावेत. 16 सेकंद लागले तर मिनिटाला 60 मात्रा, 8 लागले तर 120, 4 लागले तर 240. (आम्ही बँकवाले, मोजल्याशिवाय आमचा विश्वास बसत नाही!) विलंबित, मध्य, द्रुत यांच्या सीमा काही आकड्यांनी बांधलेल्या नाहीत, पण आकडा वहीत लिहिला म्हणजे काल कुठे होतो आणि आज कुठे आहोत ते दिसते.

पट्टी शोधणे सोपे. तानपुऱ्याचा षड्ज गुणगुणावा आणि पेटीवर ती पट्टी सापडेपर्यंत दाबून पाहावे. आपल्या संगीतात षड्ज गळ्याच्या सोयीने कुठेही धरतात. म्हणून पट्टी बदलली तरी राग बदलत नाही.

मग भाव कशाने ठरतो? पुष्कळजण म्हणतील, स्वरांनी. व्ही. शांताराम यांच्या 1955 सालच्या 'झनक झनक पायल बाजे' या चित्रपटाचे शीर्षकगीत ऐकून पाहा. नृत्य हाच या चित्रपटाचा विषय. नायक कथकचे नामवंत कलावंत गोपीकृष्ण, संगीतकार आपल्या कोकणातले वसंत देसाई. हे गीत उस्ताद अमीर खाँ यांनी अडाणा रागात द्रुत लयीत गायिले आहे. अडाणा हा दरबारी कानड्याचा भाऊबंद. गंधार-धैवत दोघांचेही कोमल, स्वर जवळजवळ तेच. परंतु दरबारी खालच्या सप्तकात, संथपणे, स्वर आंदोलित करीत चालतो, म्हणून गंभीर वाटतो. अडाण्याची ओढ वरच्या षड्जाकडे, चाल चपळ, म्हणून तो तेजस्वी वाटतो. घर एकच, दोन भावांचे स्वभाव दोन! गंमत म्हणजे अमीर खाँसाहेबांची ख्याती अतिविलंबित ख्यालाची. तोच भारदस्त आवाज येथे धावतो आणि तरी उथळ होत नाही.

यावरून ध्यानात येईल की ध्वनिमुद्रणाचा वेग मनाला येईल तसा वाढविला, तर मात्रा नुसत्या जलद होत नाहीत, रागाचा स्वभावही बिघडू लागतो. दरबारीतील आंदोलन पळवले की ते नुसते थरथरणे होते. सरावासाठी लहरा खुशाल कमी-जास्त करावा. अभिनयाच्या रचनेचे मुद्रण मात्र आहे त्याच लयीत ऐकावे.

भाचीला आम्ही आता तीन वेगवेगळ्या रागांतले लहरे दिले आहेत. रोज एक लहरा, तीन लयींत. मधेच आवाज बंद करायचा, तिने मात्रा मोजत नाचत राहायचे आणि आवाज पुन्हा सुरू झाल्यावर समेवर सापडायचे. आवाज बंद-चालू करण्याचे काम ताईकडे आहे.