ज्याचे त्याचे माप



आम्ही डॉक्टर नव्हे आणि शास्त्रज्ञही नव्हे. आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते उद्यमनगरातल्या फाउंड्रीत, युनियनच्या कचेरीत आणि करवीर नगर वाचन मंदिराच्या बाकावर. तेव्हा किरणोत्सर्गी औषधांवर बोलण्याचा आम्हांला अधिकार काय, असे कोणी विचारल्यास आम्ही मुकाट्याने मान खाली घालू. पण या विषयाशी आमची गाठ पडली ती आमच्याच एका चुकीमुळे. आणि ज्याने चूक केली त्यानेच ती चारचौघांत सांगावी, असा आमचा शिरस्ता आहे.

आमच्या एका सभासद भगिनीच्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीला कर्करोग झाला. शस्त्रक्रिया पार पडली. पुढे ‘आयोडीनचा डोस’ घ्यायला मुंबईस जावयाचे ठरले. तिचे यजमान आणि आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसने सोबत गेलो. तिला ३० मिलिक्युरी मात्रा मिळाली. त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या एका रुग्णाला १०० मिळाली. ते गृहस्थ स्वतःच्या मोटारीने आलेले. झाले! आमचे डोके फिरले. गरिबाला तीस आणि मोटारवाल्याला शंभर? आम्ही थेट डॉक्टरांच्या टेबलापुढे जाऊन हुज्जत घातली. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “अहो, हा काय बोनस आहे, कमी मिळाला म्हणून भांडायला?”

त्या एका वाक्याने आम्ही वरमलो आणि परत आल्यावर वाचू लागलो. जे समजले ते असे.

थायरॉईड ग्रंथीला आयोडीन लागते आणि ते ती रक्तातून ओढून घेते. आयोडीन-१३१ हा त्याचाच किरणोत्सर्गी भाऊबंद. ग्रंथीला त्यांतला फरक कळत नाही. ती त्यालाही घरात घेते. तेथे बसून तो जे बीटा किरण सोडतो ते शरीरात एकदोन मिलिमीटरपलीकडे जात नाहीत. म्हणजे घाव पडतो तो मुख्यतः जेथे पडावयास हवा तेथेच. त्याचे तेज दर आठ दिवसांनी निम्मे होते. बोस्टनचे डॉक्टर सॉल हर्ट्झ यांनी १९४१ साली थायरॉईडच्या अतिकार्यावर किरणोत्सर्गी आयोडीन प्रथम वापरले. आपल्याकडे तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी १९५६ साली सुरू झाली आणि १९६३ साली परळला अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. तेव्हापासून गावोगावचे थायरॉईडचे रुग्ण परळची वाट चालत आले आहेत.

आता मुख्य मुद्दा. मिलिक्युरी हे दिलेल्या मालाचे माप आहे, झालेल्या कामाचे नव्हे. कामगाराच्या पगारपत्रकावरचा आकडा एक आणि घरखर्चाला पोचणारी रक्कम दुसरी, हे आम्हांला कोणी शिकवावयास नको. तसेच येथे आहे. पेशींना प्रत्यक्ष किती ऊर्जा पोचली ते ‘ग्रे’ या मापाने सांगतात. एक किलो वजनात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे एक ग्रे. ही पोच तीन गोष्टींवर ठरते. ग्रंथी दिलेल्या मात्रेपैकी किती ओढून घेते, ती किती दिवस धरून ठेवते आणि तिचे वजन किती आहे. पहिल्या दोन वाढल्या की पोच वाढते. वजन वाढले की तीच ऊर्जा अधिक मांसात वाटली जाऊन पोच घटते.

समजा, अतिकार्याचा विकार असलेल्या दोन बायका आहेत. पहिलीची ग्रंथी ३० ग्रॅमची; ती ६० टक्के आयोडीन ओढते आणि ६ दिवसांच्या हिशेबाने धरते. साठ गुणिले सहा भागिले तीस म्हणजे १२. दुसरीची ग्रंथी ६० ग्रॅमची. ती ४८ टक्के ओढते आणि ५ दिवसांच्या हिशेबाने धरते. अठ्ठेचाळीस गुणिले पाच भागिले साठ म्हणजे ४. दोघींना एकच कॅप्सूल दिली, तरी पहिलीला दुसरीच्या तिप्पट मार बसला! फाउंड्रीतल्या माणसाला यात नवल वाटू नये. एकाच भट्टीतला रस जाड साच्यात ओतला आणि पातळ साच्यात ओतला, तर दोन्ही कास्टिंगे एका वेळी थंड होत नाहीत.

मग आमच्या भगिनीला कमी का दिले? तिची गाठ लहान, पूर्ण काढलेली, धोका कमी. अशा रुग्णांवर ब्रिटनमध्ये व फ्रान्समध्ये दोन मोठ्या चाचण्या झाल्या. त्यांचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर उरलेला ग्रंथीचा अंश नाहीसा करण्यास ३० मिलिक्युरी आणि १०० मिलिक्युरी सारख्याच उपयोगी पडतात, असे दोन्हींत दिसले. पुढे २०२२ साली फ्रान्सच्याच दुसऱ्या चाचणीत असे दिसले की, कमी धोक्याच्या रुग्णांना आयोडीन न देता नुसती देखरेख ठेवली, तरी पहिल्या तीन वर्षांत त्यांचे बिघडत नाही. त्या मोटारवाल्या गृहस्थांचा रोग मात्र पसरलेला होता. त्यांना शंभर मिळाले ही त्यांची चैन नव्हती, त्यांची अडचण होती.

पसरलेल्या रोगाला दुसरे टोक आहे. तेथे प्रश्न असतो, जास्तीत जास्त किती देता येईल? न्यूयॉर्कचे डॉक्टर बेनुआ आणि त्यांचे सहकारी यांनी १९६२ सालीच मर्यादा सुचविली, की रक्ताला २ ग्रेपेक्षा अधिक पोचू नये. त्यासाठी आधी अगदी थोडे आयोडीन देऊन ते शरीरातून कसे बाहेर पडते हे काही दिवस मोजावयाचे आणि त्यावरून त्या माणसाची मर्यादा काढावयाची. म्हणजे ‘ज्याचे त्याचे माप’ ही कल्पना आजची नव्हे.

आज ती पुन्हा पुढे आली ती ल्युटेशियम-१७७ मुळे. हे तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीतही तयार होते. संप्रेरके सोडणाऱ्या काही विशिष्ट गाठींवर ते देतात. ठरलेली रीत अशी : २०० मिलिक्युरीची एक, अशा चार खेपा, दोन दोन महिन्यांच्या अंतराने. धास्ती असते ती मूत्रपिंडांची, कारण औषध तेथून बाहेर पडते. मूत्रपिंडांना २३ ग्रे ही मर्यादा बरीच वर्षे धरली जाते. पण तो आकडा बाहेरून दिल्या जाणाऱ्या किरणोपचारावरून उसना घेतलेला आहे. ल्युटेशियमचे काही किरण कॅमेऱ्याला दिसतात; म्हणून औषध दिल्यावर काही तासांनी, दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा काही दिवसांनी चित्रे घेतली, तर त्या माणसाच्या मूत्रपिंडांना किती पोचले याचा हिशेब मांडता येतो. स्वीडनमधील उप्साला येथे २०० रुग्णांना असा हिशेब ठेवून उपचार दिले. कित्येकांना चारांहून अधिक खेपा देता आल्या, तर काहींच्या बाबतीत आधीच थांबावे लागले. सरसकट चार हा आकडा एकाला तोकडा आणि दुसऱ्याला डोईजड होता!

युरोपीय संघाने २०१३ च्या आदेशात उपचाराची किरणमात्रा प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र आखावी, असे म्हटले आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी ठरावीक मात्राच चालते, आणि त्याला कारणे आहेत. हिशेब करावयास कॅमेऱ्याचा वेळ हवा, जाणता भौतिकतज्ज्ञ हवा. शिवाय अतिकार्याच्या साध्या विकारात मोजून दिलेली मात्रा ठरावीक मात्रेपेक्षा स्पष्टपणे सरस ठरते, असे चाचण्यांतून दिसलेले नाही. हेही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही वकिली केली असे होईल.

आणि एक कारण आमच्या लोकांचे आहे. तीन वेळा चित्रे घ्यावयाची म्हणजे मुंबईत मुक्काम, खानावळ आणि बुडालेली हजेरी. कोल्हापूरच्या कामगाराला अचूक माप परवडत नसेल, तर ते माप फक्त मोटारवाल्यांचे राहील. एकाच वेळच्या चित्रावरून हिशेब काढण्याच्या रीती आता पुढे येत आहेत. त्या आम्हांला म्हणूनच महत्त्वाच्या वाटतात. आमची मागणी आता अधिक मिलिक्युरीची नाही. मोजणीचे दिवस आजारपणाच्या रजेत धरावेत आणि तिचा खर्च उपचाराच्या योजनांत यावा, ही आहे.

कास्टिंगांची किरणांनी तपासणी करणारा कामगार छातीवर बिल्ला लावतो. त्याला वर्षाकाठी किती पोचले याची नोंद राहते, आणि ती राहावी म्हणून युनियन भांडते. जो किरणांपासून दूर राहावा अशी अपेक्षा आहे, त्याचे माप नावानिशी लिहिले जाते. मग ज्याच्या शरीरात आपण जाणूनबुजून किरण घालतो, त्याच्या नावापुढेही मिलिक्युरीबरोबर ग्रेचा आकडा का नसावा?

आम्ही तीस वर्षे ‘सर्वांना सारखे’ ही घोषणा देत आलो, आणि मजुरीच्या बाबतीत ती पुढेही देऊ. पण औषधाच्या बाबतीत सारखे माप म्हणजे सारखा न्याय नव्हे, हे आम्हांला त्या टेबलापुढे कळले. आमची भगिनी आज कामावर आहे, रोज सकाळी थायरॉईडची गोळी घेते. आम्ही घातलेल्या हुज्जतीची आठवण काढून ती अजून हसते. आणि ते आम्ही मुकाट्याने ऐकून घेतो.