सोन्यावर आरोप ठेवण्यापूर्वी

काचेच्या चंबूत उकळत असलेल्या सुवर्णक्षाराच्या फिकट पिवळ्या द्रावणात सोडियम सायट्रेट ओतले, की काही क्षण ते वर्णहीन दिसते, मग त्यात काळसर निळी छटा उतरते, ती जांभळी होते, आणि पाहता पाहता सारा चंबू गडद माणिकवर्णाने भरून जातो. सोन्याच्या अशा तांबड्या द्रावणाचे विवेचन मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये केले होते, आणि सायट्रेटची ही कृती टर्केविच व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये बारकाईने अभ्यासली. परंतु पुण्यातील ज्या प्रयोगशाळेत मी हा वर्णबदल पाहिला, तेथील संशोधिकेचे लक्ष रंगाकडे नव्हते. चंबू अम्लराजाने केव्हा धुतला, पाणी कोणत्या बाटलीतले, ती बाटली कधी उघडली, याची नोंद ती वहीत करीत होती. आणि वीस नॅनोमीटर व्यासाच्या, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत ओळीने पन्नास हजार मावतील अशा त्या कणांपेक्षा, ते ज्या पाण्यात तरंगत होते त्याचीच तिला अधिक चिंता वाटत होती.

हे कण ज्या पेशींपुढे ठेवायचे, त्या शेजारच्या खोलीत सदतीस अंश उष्णतेच्या बंदोबस्तात वाढत होत्या. रक्ताच्या कर्करोगाने पीडित अशा एका वर्षाच्या मुलाच्या रक्तातून लाभलेला टीएचपी-१ हा पेशीवंश १९८० पासून शास्त्रज्ञांच्या परिचयाचा आहे. एरवी पोषकद्रवात तरंगणाऱ्या या पेशींना फॉर्बॉल एस्टर दिले, की त्या तळाला चिकटतात, पसरतात आणि भक्षकपेशींचे रूप धारण करतात. १८८२ मध्ये मेसिना येथे मेचनिकॉव्हने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसून जे पाहिले, ते याच जातीच्या पेशींचे परक्या वस्तूभोवती जमणे होते. शरीरात काय घुसले हे ओळखण्याचा आणि सायटोकाइन नावाची प्रथिने सोडून इतर पेशींना वर्दी देण्याचा अधिकार निसर्गाने त्यांना दिला आहे. लाली, सूज, उष्णता आणि वेदना यांचा आरंभ बहुतांशी या वर्दीपासून होतो.

या पेशी अतिशय हळव्या असतात, आणि सारी अडचण येथेच उत्पन्न होते. पाण्यात कधीकाळी जीवाणू वाढले असतील, तर ते मेल्यावरही त्यांच्या आवरणातील एंडोटॉक्सिन मागे उरते. सूक्ष्म गाळणीने जीवाणू अडतात, हे अडत नाही. वाफेच्या दाबाखाली तापवूनही ते पुरते नष्ट होत नाही. काचेवरून ते घालवावयाचे तर कोरडी भट्टी अडीचशे अंशांपर्यंत न्यावी लागते. ग्रॅमच्या अब्जांशाहूनही कमी मात्रेने भक्षकपेशी चवताळतात, आणि धातूच्या कणांचा पृष्ठभाग एकूण आकाराच्या मानाने इतका विशाल असतो, की असली द्रव्ये त्याला सहज चिकटतात. “काका, पेशी भडकल्या म्हणून सोन्याला दोष द्यायचा, आणि दोष असायचा पाण्याचा,” असे ती म्हणाली, आणि तिने कणांचा नमुना गोठणचाचणीला लावला. घोड्याच्या नालेसारख्या आकाराच्या एका प्राचीन सागरी जीवाच्या निळ्या रक्तातील पेशींचा अर्क या चाचणीच्या नळीत असतो. तासाभराने नळी उपडी करावयाची, आणि आतला गोळा जागचा हलला नाही, तर एंडोटॉक्सिन आहे असे समजावयाचे. त्या खेपेस गोळा हलला नाही. सबंध चंबू, त्यातील सुंदर तांबड्या द्रावणासह, तिने टाकून दिला, आणि त्या निर्णयाला लागलेला वेळ क्षणभराचाही नव्हता. विज्ञानाविषयी मला वाटणारा आदर अशा प्रसंगांनी वाढतो.

नव्या, निर्दोष ठरलेल्या कणांसाठी शहाण्णव खळग्यांचे पात्र मांडले गेले. काही ओळींत नुसत्या पेशी, काहींत केवळ कण, काहींत मुद्दाम घातलेले एंडोटॉक्सिन, आणि काहींत दोन्ही. शिवाय एका ओळीत कण वेगळे काढून उरलेले पाणी, कारण दोष त्यातल्या एखाद्या क्षाराचा निघू नये. आणखी एका ओळीचे कारण मी विचारले, तेव्हा कळले की तीत पेशी नाहीतच. ठरावीक मात्रेतील सायटोकाइन कणांबरोबर ठेवले आहे. कण जर ते प्रथिन स्वतःच्या अंगाला चिकटवून घेत असतील, तर चाचणीत त्याचे प्रमाण कमी भरेल, आणि सोने दाह शमवते अशी खोटी साक्ष पुढे येईल. दुसऱ्या दिवशी द्रव काढून, कण फिरवून तळाला बसवून, ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे सायटोकाइन मोजण्यात आले: खळग्यांत निळा रंग आला, आम्लाने तो पिवळा झाला, आणि यंत्राने ४५० नॅनोमीटरच्या प्रकाशात त्याची तीव्रता वाचली. केवळ कण घातलेल्या ओळी नुसत्या पेशींच्या ओळींइतक्याच फिकट राहिल्या.

हा दाखला फक्त त्या आकाराच्या, त्या आवरणाच्या सोन्यापुरता आहे, हे तिने मला बजावून सांगितले. रक्तद्रवात गेल्याबरोबर कणावर प्रथिनांचे जे वेष्टन चढते, पेशीची गाठ बहुतांशी त्याच्याशीच पडते, आणि वेष्टन बदलले की उत्तरही बदलू शकते. संधिवातावर फॉरेस्टिए यांनी १९२९ मध्ये सोन्याचे क्षार वापरले, ती हकीकत निराळी; तेथे सोने कणरूपात नसून संयुगाच्या रूपात काम करते. चांदीचे प्रकरण तर याहून गुंतागुंतीचे. सोन्याचा कण पेशीने गिळला तरी तो सहसा विरघळत नाही, परंतु पेशीच्या पचनकोशातील आम्लात चांदी हळूहळू झिजते, तिचे आयन सुटतात, कोशाचे आवरण फाटू शकते, आणि त्यातून जागृत होणारी यंत्रणा इंटरल्यूकिन-१ बीटा हे प्रखर दाहकारक प्रथिन बाहेर सोडते. मग दाह कणाचा म्हणावयाचा की सुटलेल्या आयनांचा? त्यासाठी चांदीच्या कणांच्या पात्रात सिल्व्हर नायट्रेटची एक स्वतंत्र ओळ लागते, आणि मी निघालो तेव्हा ती संशोधिका त्याच ओळीच्या मात्रा वहीत मांडत होती.