दात वयाने पडत नाहीत

मावळ तालुक्यातील आंबी हे गाव तळेगाव दाभाड्याजवळ आहे. एकीकडे भातखाचरे, तर दुसरीकडे औद्योगिक वसाहतीतील कारखाने. अशा गावातील एखाद्या घरात सकाळी डोकावलात, तर काय दिसेल? वडील पहिल्या पाळीला जाण्याच्या घाईत दातांवरून कसाबसा ब्रश फिरवीत आहेत. आजी ओसरीवर बसून बोटाने हिरड्यांना काळी मिश्री चोळते आहे. तिचे पुढचे चार-पाच दातच काय ते उरले आहेत. तिला विचारा, "आजी, तुझे दात कशाने गं पडले?" ती हसून म्हणेल, "वय झालं बाळा! पिकलं पान गळायचंच."

आजीचे हे उत्तर बरोबर आहे का?

वय वाढले की केस पांढरे होतात हे खरे. पण दाताला झाडाच्या पानाचा नियम लागू नाही. निरोगी हिरडीत पक्का बसलेला दात ऐंशी वर्षांच्या माणसाच्या तोंडातही टिकतो. मोठ्या माणसांचे दात जातात ते मुख्यतः दोन रोगांमुळे. एक म्हणजे दात किडणे आणि दुसरा हिरड्यांचा रोग, म्हणजेच पायोरिया. हे दोन्ही रोग बऱ्याच अंशी टाळता येतात. ते कसे, हे आता पाहू.

कीड नसलेली कीड

आपण 'दाताला कीड लागली' असे म्हणतो. पण किडलेल्या दाढेत किडाही नसतो आणि अळीही नसते. हॉलंडमधील लेव्हेनहूक याने 1683 साली आपल्या दातांवरील पांढरा थर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात त्याला हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसले. पुढे बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकी दंतवैद्याने 1890 साली दाखवून दिले, की तोंडातील जंतू अन्नातील साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात दाताचे खनिज विरघळते.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे दंतवल्क. आपल्या शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ हाच. त्यात सुमारे 96 टक्के खनिज असते. परंतु त्यात जिवंत पेशी नसतात. म्हणून मोडलेले हाड जसे सांधते, तसा दाताला पडलेला खड्डा आपोआप भरून येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग लाळ काय करते? ती फार मोठे काम करते. आम्ल सौम्य करणे आणि विरघळू लागलेल्या दंतवल्काला कॅल्शियम व फॉस्फेट परत देणे, ही कामे लाळ सतत करीत असते. मात्र त्यासाठी तिला वेळ मिळायला हवा. साखर खाल्ल्यावर काही मिनिटांतच दातावरील थराचा पीएच 5.5 च्या खाली उतरतो आणि दंतवल्क विरघळू लागते. तो पूर्ववत व्हायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. अमेरिकेतील स्टीफन या शास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात ही गोष्ट प्रत्यक्ष मोजून दाखविली.

आता एक सोपे गणित करा. कारखान्यात पाळी करणारा माणूस दिवसातून पाच वेळा गोड चहा घेतो असे धरा. पाच वेळा चहा म्हणजे आम्लाचे अडीच ते पाच तास! त्यात मध्येच बिस्किट, मध्येच गोळी आली, की लाळेला उसंत मिळत नाही. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती कितीदा खाल्ली हेही महत्त्वाचे आहे. गोड खायचेच, तर ते जेवणाबरोबर खावे.

करून पाहा

अंड्याच्या टरफलाचा तुकडा वाटीत ठेवून त्यावर व्हिनेगर ओता. लगेच बुडबुडे येऊ लागतील. एक दिवसानंतर तुकडा काढून बोटांनी दाबून पाहा. टरफल कॅल्शियम कार्बोनेटचे असते, दात कॅल्शियम फॉस्फेटचा असतो. शिवाय व्हिनेगर हे तोंडातील आम्लापेक्षा तीव्र असते. म्हणून दात इतक्या झटपट विरघळत नाही. पण कठीण खनिजाला आम्ल कसे पोखरते, हे या प्रयोगातून ध्यानात येईल.

न दुखणारा रोग

दात किडला की आज ना उद्या ठणका लागतो. हिरड्यांचा रोग मात्र चोरपावलांनी येतो. दात व हिरडी जेथे मिळतात, तेथे जंतूंचा चिकट थर साठतो. तो रोज काढला नाही, तर लाळेतील खनिजे त्यावर बसून त्याचे दगडासारखे कीटण बनते. हिरडी लाल होते, सुजते, ब्रश लागताच रक्त येते.

डेन्मार्कमधील ऑर्‌हुस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासंबंधी एक प्रसिद्ध प्रयोग केला. तो 1965 साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणे मुद्दाम बंद केले. त्यांत बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा दात स्वच्छ ठेवू लागल्यावर सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. रोगाचे कारण आणि त्यावरचा उपाय असे दोन्ही एकाच प्रयोगात सापडले.

परंतु ही सूज वर्षानुवर्षे तशीच राहिली, तर अनेकांच्या बाबतीत दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. हे हाड सहसा परत येत नाही. किडीचा एक खड्डाही नसलेला दात मग हलू लागतो आणि पडतो. हिरडी खाली सरकली, की दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर दंतवल्क नसते, त्यामुळे ते सौम्य आम्लातही विरघळते. मोठ्या वयात मुळाशी दात किडतात ते यामुळेच. मधुमेह असलेल्यांनी तर जास्तच जपावे. मधुमेहाने हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्यांच्या रोगामुळे रक्तातील साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते.

मिश्रीचा फसवा आराम

आता आजीच्या मिश्रीकडे वळू. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. दाढ दुखते म्हणून कोणीतरी ती लावायला सांगते. थोडे बरे वाटते आणि निकोटिनची सवय जडते. दुखणे दबते, पण रोग आत वाढतच राहतो. जेथे तंबाखू रोज लागते, तेथील हिरडी मागे सरते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तर हिरडीतून रक्तही कमी येते आणि धोक्याची सूचनाच मिळत नाही.

आपल्या पुणे जिल्ह्यात याची पाहणी झालेली आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील 1,01,761 ग्रामस्थांची तोंडे तपासली. या पाहणीचा अहवाल 1972 साली प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधी दिसणारे चट्टे यांचा तंबाखूशी काय संबंध आहे, हे त्यांना पाहायचे होते. हे चट्टे प्रामुख्याने तंबाखू वापरणाऱ्यांतच आढळले. केंद्र सरकारने 1992 साली दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास बंदी केली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कायदा कसा पोहोचणार? तेथे घरातल्या माणसांनीच पोहोचले पाहिजे.

काय करावे?

दिवसातून दोनदा, मऊ ब्रशने, दोन मिनिटे दात घासावेत. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे कधीही चुकवू नये, कारण झोपेत लाळ फार कमी सुटते. ब्रश हिरडीच्या कडेशी तिरपा धरून हलक्या हाताने फिरवावा. जोर लावल्याने दात अधिक स्वच्छ होत नाहीत, उलट झिजतात. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी यांनीही तेच होते.

पेस्ट फ्लोराइडयुक्त असावी. फ्लोराइडमुळे दंतवल्क आम्लाला अधिक दाद देत नाही. पेस्ट थुंकून टाकावी, गिळू नये. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांत पाण्यातील जादा फ्लोराइडमुळेच मुलांच्या दातांवर डाग पडतात. औषधाचे प्रमाण चुकले की अपाय होतो, तसेच हे.

दोन दातांमधील फट दोऱ्याने किंवा त्यासाठी मिळणाऱ्या बारीक ब्रशने साफ करावी. टाचणी घालू नये. साठलेले कीटण ब्रशने निघत नाही, ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे. त्याने दात सैल होतात हा गैरसमज आहे. कीटणाखाली हाड आधीच झिजलेले असते, ते कीटण निघाल्यावर जाणवते इतकेच. तोंडातील चट्टा किंवा व्रण दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवायला हवा.

मित्रहो, आजीचे पडलेले दात आता परत येणार नाहीत. पण चार-पाच उरले आहेत ना? मिश्री सुटली आणि ते रोज स्वच्छ झाले, तर तेही पुष्कळ वर्षे साथ देतील. पन्नास वर्षांची सवय एका दिवसात सुटत नाही, म्हणून आजीला रागावू नका. आज रात्री जेवणे झाल्यावर एक मऊ ब्रश तिच्या हातात द्या, आपला ब्रश घ्या आणि तिच्या शेजारी ओसरीवर बसा. वडिलांनाही हाक मारा.